अजून शिकतोय तो

अकरा महिन्यांच्या बाळासमोर एक चेंडू उतारावरून सोडला. वाटेत भिंत होती. मधला पडदा उचलला तेव्हा चेंडू भिंतीच्या अलीकडे अडलेला दिसायला हवा होता, पण तो दिसला पलीकडे, जणू भिंतीतून आरपार गेलेला. मग तोच चेंडू बाळाच्या हातात दिला. बाळाने तो आपटून पाहिला. दुसऱ्या काही बाळांना एक खेळण्यातली गाडी दाखवली होती. ती फळीच्या कडेपुढे ढकलली तरी खाली पडली नाही, हवेतच राहिली. या बाळांनी गाडी आपटली नाही. त्यांनी ती हातातून सोडून पाहिली.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा हा प्रयोग २०१५ साली 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आला. अर्थात ती हातचलाखी होती. ज्यांना भिंतीला निमूट अडणारा साधा चेंडू दाखवला, त्या बाळांनी त्याची एवढी झडती घेतली नाही. आश्चर्य वाटलं की बाळ टक लावून बघतं, हे आधीपासून माहीत होतं. मला थक्क करते ती पुढची पायरी. ज्याला अजून वाक्य बोलता येत नाही, त्या जिवाने शंकेप्रमाणे परीक्षा निवडली. वस्तू भरीव आहे का, ही शंका असेल तर आपटायचं. आधाराविना राहते का, ही शंका असेल तर सोडून बघायचं. बक्षीस कोणी कबूल केलेलं नव्हतं, प्रश्नही कोणी विचारलेला नव्हता.

असं वागणारं यंत्र बनवता येईल का, याचा ध्यास काही संशोधकांनी गेली तीसेक वर्षं घेतला आहे. आता त्या विषयाला नव्याने भाव आलाय. नुसतं वाचून बोलणारी यंत्रं झाली, यापुढची यंत्रं हातापायांची असतील, ती लहान मुलासारखी धडपडत, स्वतः शोधत शिकतील, असं सगळीकडून ऐकू येतं. हे संशोधन मला मनापासून आवडतं. तरी माझा एक आक्षेप आहे. बालपणात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: कुतूहल, दुबळं शरीर, आणि शेजारी उभा असलेला जबाबदार मोठा माणूस. यंत्राला यातली पहिलीच दिली जातेय. उरलेल्या दोन महाग आणि अडचणीच्या, म्हणून मागे राहतायत. पण मुलाच्या वाट्याला येणारी माफी मात्र यंत्रासाठी मागितली जाणार, याची चिन्हं दिसू लागली आहेत.

आधी कुतूहलाचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

यंत्रात कुतूहल घालायची सगळ्यात सोपी रीत अशी. पुढच्या क्षणी काय दिसेल याचा अंदाज यंत्राने बांधायचा, आणि अंदाज जितका चुकेल तितके गुण त्याला द्यायचे. म्हणजे जिथे आपलं चुकतं तिथे ते आपणहून जाईल. ऐकायला सुरेख वाटतं. पण एका काल्पनिक चक्रव्यूहात अशा प्रोग्रामला सोडा आणि एका भिंतीवर टीव्ही लावा, ज्यावरची चित्रं कशीही, कोणत्याही क्रमाशिवाय बदलतात. पुढचं चित्र कोणतं याचा अंदाज कधीच बरोबर येणार नाही. म्हणजे गुणांची कायमची खाण सापडली. प्रोग्राम टीव्हीसमोर ठाण मांडतो आणि बाकीचा चक्रव्यूह राहून जातो. २०१८ मध्ये ओपनएआय ही कंपनी आणि काही विद्यापीठं यांच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं. रिमोटही प्रोग्रामच्याच हाती दिला होता.

गंमत म्हणजे या आजाराचं औषध कितीतरी आधी सुचवलेलं होतं. संगणकशास्त्रज्ञ युर्गन श्मिडहुबर यांच्या १९९१ च्या एका निबंधाच्या शीर्षकातच कुतूहलाच्या जोडीला 'कंटाळा' हा शब्द आहे. जे आधीच येतं त्याचा कंटाळा यावा, आणि जे कितीही घोकलं तरी येणार नाही त्याचाही यावा. म्हणजे गुण चुकीला द्यायचे नाहीत. चूक किती वेगाने कमी होतेय, त्याला द्यायचे. जिथे प्रगती होत असेल तिथे रमायचं, थांबली की उठायचं.

कंटाळ्याकडे आपण दुर्गुण म्हणून बघतो. मुलाने खेळणं पाच मिनिटांत टाकलं की "याचं कशात मन लागत नाही" म्हणतो. पण वरचं गणित खरं असेल तर ते टाकणं म्हणजे मुलाने केलेला हिशेब असू शकतो: यातून मिळण्याजोगं मिळालं, किंवा हे अजून माझ्या आवाक्यातलं नाही. थोडा कमी कंटाळा दिला असता तर आपण सगळे आयुष्यभर पंख्याकडे बघत पडलो असतो.

याच कल्पनेवर पिएर-इव्ह उदेयर आणि फ्रेडरिक काप्लान यांनी पॅरिसमधल्या सोनीच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग केला. २००७ साली त्याचा निबंध आला. आयबो नावाचा कुत्र्याच्या आकाराचा रोबो बाळाच्या खेळायच्या चटईवर ठेवला. आजूबाजूला तोंडात धरता येईल अशी एक वस्तू, पंजाने हलवता येईल अशी एक वस्तू, आणि याच्या आवाजाला आवाज देणारा दुसरा रोबो. काय शिकायचं ते सांगितलेलं नव्हतं; जिथे अंदाज सुधारत जातील तिथे जायचं, एवढंच. सुरुवातीला नुसते हातवारे. मग इकडेतिकडे बघणं. मग चावणं आणि फटके मारणं, पण भलत्याच वस्तूंना. नंतर चावायची ती चावली, हलवायची ती हलवली. आणि शेवटीशेवटी त्याचा ओढा आवाज देणाऱ्या दुसऱ्या रोबोकडे वळला. हा क्रम कोणी लिहून दिलेला नव्हता. सोप्याकडून अवघडाकडे जायचा अभ्यासक्रम यंत्राने आपला आपण रचला.

या प्रयोगाचं मोल मी कमी करत नाही. पण एक साधा प्रश्न मनातून जात नाही. चटई कोणी अंथरली? चावण्याजोगी वस्तू तिथे कोणीतरी ठेवली म्हणून ती सापडली. चावणं, फटका मारणं, आवाज काढणं या क्रिया कोणीतरी निवडून दिल्या म्हणून त्यांची जुळणी लागली. हा प्रयोगातला दोष नव्हे. मुलांचंही असंच असतं. रांगतं मूल घरभर मोकळं फिरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कात्री वरच्या फळीवर गेलेली असते, जिन्याला फाटक बसलेलं असतं. मुलाचं स्वातंत्र्य कोणीतरी आधीच मोजून कापून ठेवलेलं असतं. ते कापणारे हात 'यंत्र स्वतः शिकलं' या वाक्यात येत नाहीत.

आता शरीराकडे वळू. १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांच्या दहा जोड्या घेतल्या. उभ्या पट्ट्या रंगवलेल्या एका गोल खोलीत मध्यभागी आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला बांधलेलं पिल्लू स्वतःच्या पायांनी चालायचं. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात दुसरं पिल्लू. पहिलं चालेल तसं ते आपोआप फिरायचं. दोघांच्या डोळ्यांना दिसणारं जग जवळपास सारखंच. एरवी दोघंही अंधारात. पुढे तपासणी झाली तेव्हा चाललेली पिल्लं तपासणीसाठी बनवलेल्या कड्याची खोल बाजू टाळत होती, जमीन जवळ आली की पंजे पुढे करत होती. पाळण्यातल्या पिल्लांना ते जमत नव्हतं. बघितलेलं सारखं होतं, पण आपल्या पावलाने समोरचं दृश्य बदलतं ही गोष्ट एकालाच कळली होती.

हा प्रयोग आठवला की मला आजची भाषेची मॉडेल्स, म्हणजे नुसतं वाचून बोलणारी ती यंत्रं, त्या पाळण्यात दिसतात. दुसऱ्यांनी चालून पाहिलेलं जग त्यांच्यापुढून फिरवलं गेलंय. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. मागच्या शहाण्यांची ही परमावधी झाली. कोट्यवधी माणसांच्या ठेचा वाचून झाल्या, आणि स्वतःला अंगठाच नाही.

इथे एक प्रामाणिक अडचण मांडायला हवी, कारण ती माझ्या बाजूची नाही. २०२४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मुलाच्या डोक्यावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याचं चित्रण एका मॉडेलला दिलं. मूल सहा महिन्यांचं होतं तेव्हापासून पंचवीस महिन्यांचं होईपर्यंत अधूनमधून टिपलेलं, एकूण ६१ तासांचं. मुलाच्या जागेपणीच्या वेळेचा तो जेमतेम एक टक्का. तेवढ्यावर ते मॉडेल चेंडूला चेंडू, खुर्चीला खुर्ची ओळखायला लागलं. न चालता, न पडता, पाळण्यात बसूनच. म्हणजे शरीराशिवाय काहीच कळत नाही, हा दावा टिकत नाही. आजार न झालेला डॉक्टरही निदान करतोच की.

तरी त्या चित्रणाकडे नीट बघा. कॅमेरा कोणाच्या डोक्यावर होता? चेंडू गडगडला तिकडे मान कोणी वळवली? खुर्चीपाशी जाऊन कोण थांबलं? मॉडेलला जे मिळालं ते एका मुलाच्या कुतूहलाने निवडून, वेचून दिलेलं जग होतं. तेच ६१ तास छताला लावलेल्या कॅमेऱ्याने टिपले असते तर निकाल काय लागला असता, हे मला बघायला आवडेल.

बुद्धी म्हणजे काय, या वादात आपली फूटपट्टी कायम उत्तरांची राहिली. १९९७ मध्ये बुद्धिबळात जगज्जेता यंत्रापुढे हरला, २०१६ मध्ये गो या खेळात ली सेडॉल हरला. त्या सामन्यात अल्फागो या प्रोग्रामच्या चाली पटावर मांडायला मात्र एक माणूस बसला होता. खेळातली सोंगटी चिमटीत उचलून ठेवणं हा प्रश्न कोणी परीक्षेत धरलाच नव्हता. मला वाटतं, फूटपट्टी बदलून पाहावी. कोणी काही विचारलेलं नसताना यंत्र काय करतं? भाषेचं मॉडेल गप्प असतं. बाळ चेंडू आपटतं. आयबोने चटईवर जे केलं ते या दोहोंच्या मधलं आहे, आणि म्हणून मला ते बुद्धिबळातल्या विजयापेक्षा मोलाचं वाटतं, दिसायला कितीही बावळट असलं तरी.

पण आपटणाऱ्या यंत्राबरोबर आपटण्याचे परिणाम येतात, आणि इथून हा विषय प्रयोगशाळेच्या बाहेर पडतो.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्याच कॅरन ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली. मनसोक्त खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं, आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा वेळा! एवढं पडूनही मूल बहुतेक वेळा फारसं न रडता उठतं, याचं कारण जिद्दीपेक्षा भौतिकशास्त्रात अधिक आहे. शरीराची उंची दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि पडताना जमिनीवर आदळणारी ऊर्जा सोळापट. मूल बुटकं आणि हलकं असतं म्हणून त्याला चुका परवडतात. त्याच्या हातात जोर नसतो म्हणून त्याने मारलेल्या चापटीवर आपण हसतो. मुलाचा दुबळेपणा म्हणजे वाढायची राहिलेली ताकद, असं आपण समजतो. मला तर ती निसर्गाने केलेली चोख सुरक्षाव्यवस्था दिसते: शिकायच्या काळात शक्ती कमी ठेवायची.

रोबोंचं उलट चाललंय. इटलीतल्या जेनोवा इथे बनलेला आयकब हा रोबो खास मुलासारखं शिकण्यासाठीच घडवला गेला. उंची साधारण एक मीटर, सांधे ५३, आराखडे सर्वांना खुले. हेतू अगदी योग्य. पण त्याची किंमत अडीच लाख युरोंच्या घरात. त्यामुळे कित्येक प्रयोगांत तो मागच्या खांबाला धरून उभा असतो. पडायला शिकण्यासाठी बनवलेलं मूल, आणि पडू देणं कोणाला परवडत नाही. बाजारात उतरू पाहणारे रोबो तर थेट प्रौढ माणसाच्या उंचीचे आहेत, कारण त्यांच्याकडून काम प्रौढाचं हवंय. बालपण न देता कमावता मुलगा हवा, असा हा हट्ट आहे.

यावर उत्तर तयार असतं: पडापड संगणकातल्या नकली जगात उरकून घेऊ. तसं होतंही. २०१९ मध्ये ओपनएआयच्या रोबो-हाताने रुबिकचा ठोकळा फिरवून दाखवला, त्यामागे नकली जगातला सुमारे तेरा हजार वर्षांचा सराव होता. कामगिरी अफाट आहे. पण नकली जगात तेवढ्याच आश्चर्याच्या गोष्टी घडतात जेवढ्या रचणाऱ्याला सुचल्या. खऱ्या घरात ओली फरशी असते, अचानक खोलीत धावत येणारं मूल असतं. शेवटचे धडे तिथेच गिरवावे लागणार. नवशिक्या रोबोला जमत नसेल तर दूर कुठेतरी बसलेला माणूस कॅमेऱ्यातून बघत त्याचे हात चालवेल, अशीही सोय काही कंपन्यांनी योजली आहे. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात आता एक परका डोळाही आला. (तो वेगळ्या लेखाचा विषय.)

संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगला हे सगळं दिसलं होतं. मोठ्या माणसाच्या मनाची नक्कल करण्यापेक्षा मुलाच्या मनाची करावी आणि मग त्याला शिकवावं, हे त्याचं १९५० मधलं म्हणणं वारंवार सांगितलं जातं. त्याआधीचं, १९४८ च्या अहवालातलं, कमी सांगितलं जातं. तिथे त्याने डोळ्यांच्या जागी कॅमेरे, कान, चाकं लावलेलं यंत्र कल्पिलं. त्याला स्वतःहून गोष्टी शोधता याव्यात म्हणून गावोगाव मोकळं फिरू द्यावं लागेल, असं लिहिलं, आणि लगेच जोडलं की सामान्य नागरिकांना त्याचा गंभीर धोका संभवतो. विचारी यंत्राची ती खात्रीची वाट असेल, पण फार संथ आणि अव्यवहार्य, म्हणून त्याने ती सोडली; शरीर न लागणारे विषय धरले: खेळ, भाषा, गणित, संकेतलिपी. पुढची सत्तर वर्षं संशोधन बऱ्याच अंशी त्याच यादीवर चाललं. तो अहवाल त्याच्या हयातीत छापलाही गेला नाही.

आता ते यंत्र खरंच फिरायला निघतंय, तर 'सामान्य नागरिक' या शब्दांपाशी थांबायला हवं. मिक्सर किंवा लिफ्ट विकताना ती वस्तू पूर्ण झालेली असते. तपासणीच्या दिवशी जशी वागली तशीच उद्या वागेल या भरवशावर तिला शिक्का मिळतो. शिकत राहणारं यंत्र अपघाताच्या दिवशी विक्रीच्या दिवशीचं उरलेलं नसतं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या यंत्रसामग्री नियमावलीत स्वतःहून बदलत जाणाऱ्या वर्तनाची दखल घेतली आहे, ही चांगली सुरुवात. पण बाकी बहुतेक ठिकाणी अपघातानंतर काय ऐकू येईल हे मी आत्ताच सांगू शकतो. कंपनी म्हणेल, "अजून शिकतोय तो."

हे वाक्य मुलाबद्दल म्हटलं जातं तेव्हा त्यात एक करार असतो. म्हणणारा मोठा माणूस फुटलेल्या काचेचे पैसे स्वतः भरतो. मूल एक दिवस मोठं होईल आणि आपल्या वागण्याचा जाब स्वतः देईल, अशी त्यात अपेक्षा असते. शिवाय पडण्यातलं दुखणं मुलालाही भोगावं लागतं. यंत्राच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. त्याला दुखत नाही, ते जाब देण्याइतकं मोठं कधी होणार नाही, आणि पैसे कोण भरणार हे करारपत्राच्या बारीक अक्षरांत गाडलेलं असतं. मग मुलाची माफी त्याला कशाच्या जोरावर द्यायची?

मी शोधक यंत्रांवर बंदी मागत नाही. ज्या यंत्राला चुकायची मुभा नाही ते चेंडू आपटून बघणार नाही, आणि आपण पुन्हा पाळण्यातल्या पिल्लापाशी येऊन थांबू. मला एवढंच म्हणायचंय की मुभेबरोबर बालपणाचे उरलेले दोन तुकडेही द्या. माणसांमध्ये शिकायला सोडलेलं यंत्र बुटकं, हलकं, कमजोर असू द्या. जोर नंतर वाढवा, चांगलं वागल्याचा पुरावा दिसेल तसा. आणि नुकसान भरून द्यायला एक नाव-पत्ता असलेला पालक असू द्या, ज्याला 'ते स्वतःच शिकलं, आम्ही शिकवलं नव्हतं' असं म्हणायची सोय नसेल. शिकणाऱ्या यंत्राच्या आत नेमकं काय चाललंय हे त्याच्या शिक्षकालाही फारसं कळणार नाही, असं ट्युरिंगनेच लिहून ठेवलंय. माझ्या मते त्यामुळे शिक्षकाची जबाबदारी वाढते. आपला कुत्रा कोणाला चावेल हे मालकालाही आधी ठाऊक नसतं, म्हणून आपण त्याला सोडून देत नाही.

बऱ्याच देशांत शिकाऊ चालकाच्या गाडीवर 'एल' हे अक्षर लावावं लागतं. ते अक्षर दोन कामं करतं. रस्त्यावरच्या इतरांना सांगतं की जरा अंतर ठेवा. आणि बजावतं की शेजारच्या खुर्चीत परवाना असलेला कोणीतरी बसलेला पाहिजे. घरात किंवा रस्त्यावर शिकत असलेल्या रोबोच्या छातीवर असंच अक्षर हवं, शिकणं चालू असताना पेटणारं आणि बंद असताना विझणारं. तंत्रज्ञान म्हणून हे एका बल्बचं काम आहे. कंपन्या ते आपणहून करतील असं मला वाटत नाही. माणसासारखा रोबो विकताना त्याच्या छातीवर 'शिकाऊ' लिहिलेलं जाहिरातीत बरं दिसत नाही.